घरी बांधलेला ८०८५ कॉम्प्युटर कधी चालतो, कधी अडकतो: काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

८०८५ हा इंटेलचा जुना प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरची मुख्य चिप. आधी लक्षणं बघा, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल.

- चालू केल्यावर प्रोग्राम नीट चालतो, दहा-पंधरा मिनिटांनी अडकतो. थोडा वेळ बंद ठेवला की परत चालतो.
- रीसेट दाबल्यावर दर वेळी वेगळंच काहीतरी होतं.
- ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता चिपा आणि वायरी भोकांत खोचायची पाटी) बोट टेकवलं, वायर हलवली किंवा नुसता हात जवळ नेला तरी वागणं बदलतं.
- लाइट जाऊन लगेच आली की एलईडी लागतात, पण प्रोग्राम सुरू होत नाही. बटण दाबलं की होतो.
- शेजारी वेल्डिंग किंवा पंपाची मोटर सुरू झाली की मशीन जागच्या जागी थांबतं.
- काल चालणारा रॉम (प्रोग्राम साठवलेली चिप) आज चालत नाही. प्रोग्रामरवर, म्हणजे रॉम भरायच्या यंत्रावर, लावून वाचला तर एखाद-दुसरा बाइट बदललेला.

यातली दोन-तीन लक्षणं असतील तर पुढे वाचा. मशीन एकदाही चाललेलं नसेल तर तो वायरिंग चुकल्याचा मामला आहे. सर्किटची आकृती घेऊन एकेक वायर खूण करत जा, ही यादी त्यासाठी नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्याकडे इंजिनिअरिंगची पोरं असे बोर्ड खोक्यात घालून आणतात आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "काका, चिप गेलीया बघा." चिप सहसा गेलेली नसते. दुसरा संशय प्रोग्रामवर, तोही बहुतेक वेळा उगाचच. प्रोग्राम चुकला असेल तर तो रोज, त्याच जागी, तसाच चुकतो. कधी येणारा, कधी न येणारा दोष पॉवर, कॉन्टॅक्ट आणि मोकळ्या सोडलेल्या पिना या तीन ठिकाणी राहतो. ही तीन ठिकाणं तपासून होईपर्यंत प्रोग्रामच्या एका ओळीलाही हात लावू नका. नाहीतर दोष तसाच राहतो आणि चालणारा प्रोग्रामही हातचा जातो.

पुढचं सगळं या मांडणीला धरून आहे: इंटेलचा ८०८५, घड्याळाचा ठोका देणारा ६.१४४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, प्रोसेसरने दिलेला पत्ता धरायला ७४एलएस३७३, त्या पत्त्यावरून रॉम की रॅम ते निवडायला डिकोडर ७४एलएस१३८, ०००० हेक्सपासून (हेक्स म्हणजे सोळा अंकांच्या पद्धतीने लिहिलेला आकडा) २८सी६४ रॉम, २००० हेक्सपासून ६२६४ रॅम (तात्पुरती मेमरी), आणि सगळं ब्रेडबोर्डवर. दुसरा प्रोसेसर, झेड८० किंवा ६५०२, असेल तर पिनांचे नंबर वेगळे पडतील, क्रम तोच ठेवा.

पॉवर: मल्टिमीटर आणि पाच मिनिटं

व्होल्टेज अ‍ॅडॉप्टरच्या टोकाला मोजून उपयोग नाही. काळा प्रोब ८०८५ च्या पिन २० वर आणि लाल पिन ४० वर, म्हणजे थेट चिपच्या पायांवर टेकवा, आणि तेही मशीन चालू असताना. मग प्रत्येक चिपच्या स्वतःच्या पॉवर आणि ग्राउंड पिनवर असंच मोजा. ७४एलएस मालिकेला ४.७५ ते ५.२५ व्होल्ट लागतात. सप्लायपाशी ५.०२ आणि रॉमच्या पायाशी ४.६ हे दृश्य ब्रेडबोर्डवर नेहमीचं आहे. कारण सरळ आहे. अशी मांडणी तीन-चारशे मिलिअँपिअर सहज ओढते. वाटेत बारीक जंपर आणि चार-पाच कॉन्टॅक्ट मिळून अर्धा ओहम जरी आला तरी ०.२ व्होल्ट तिथेच पडतात.

लांब ब्रेडबोर्डवरच्या लाल-निळ्या पट्ट्या पुष्कळदा मधोमध तुटक असतात. रेघ सलग छापलेली असली तरी आतली पट्टी सलग असेलच असं नाही. मल्टिमीटर बीपवर लावून बघा आणि मधे दोन्ही पट्ट्यांना जोड द्या. प्रत्येक बोर्डला सप्लायपासून वेगळी, जाड वायर न्या. एका बोर्डवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर अशी साखळी नको. ग्राउंडलाही हाच नियम. सगळे लाल वायरची काळजी घेतात आणि काळ्याकडे कुणी बघत नाही.

दहा मिनिटांनी अडकणारं मशीन असेल तर ७८०५ ला, म्हणजे ५ व्होल्ट काढून देणाऱ्या रेग्युलेटरला, हात लावून बघा, जपून. १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर आणि ४०० मिलिअँपिअर म्हणजे ७८०५ ला २.८ वॅट उष्णता करून फेकायची आहे. हीटसिंक नसेल तर तो तापतो आणि स्वतःला वाचवायला आउटपुट तोडतो. थंड झाला की परत देतो. तुम्ही मात्र तेवढ्या वेळात सबरुटीन उलटसुलट करून बसलेले असता. ९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर वापरा आणि हीटसिंक लावा. ७ च्या खाली जाऊ नका, कारण ७८०५ ला आउटपुटपेक्षा साधारण दोन व्होल्ट जास्त हवेत. मोबाइलचा चांगला ५ व्होल्ट चार्जर असेल तर ७८०५ चीच गरज नाही, मात्र त्याची वायर जाड आणि आखूड पाहिजे.

आता १०४. म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, प्रत्येक चिपच्या पॉवर आणि ग्राउंड पिनांच्या अगदी जवळ एक. बोर्डच्या कोपऱ्यात सगळे एकत्र लावले तर काहीच उपयोग नाही. चिप आतून स्थिती बदलते त्या क्षणी तिला झटक्यात करंट लागतो आणि लांबच्या वायरमधून तो वेळेवर पोचत नाही. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, त्यामुळे ही क्षणिक घसरण त्याच्यावर दिसत नाही. जिथे पॉवर बोर्डवर येते तिथे १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिकही टाका, धन-ऋण बघून. खर्च सगळा मिळून एका वडापावाच्या आसपास. बोट टेकवल्यावर सुधारणारे कितीतरी बोर्ड इथेच बरे होतात.

मोकळ्या पिना: खर्च शून्य

माझा अनुभव असा की पॉवरनंतर सगळ्यात जास्त बोर्ड इथे अडतात, कारण ही चूक आकृतीत दिसत नाही. आकृतीत त्या पिना नुसत्या रिकाम्या असतात.

८०८५ च्या वापरात नसलेल्या इनपुट पिना हवेत सोडायच्या नाहीत. पिन ६ ट्रॅप, ७, ८, ९ म्हणजे आरएसटी ७.५, ६.५, ५.५, पिन १० आयएनटीआर, पिन ३९ होल्ड आणि पिन ५ एसआयडी हे सगळे ग्राउंडला. पिन ३५ रेडी मात्र ५ व्होल्टला. इथून पुढे पिन 'खाली' म्हणजे ० व्होल्टकडे, 'वर' म्हणजे ५ व्होल्टकडे. रेडी खाली गेला की प्रोसेसर वाट बघत थांबतो, मशीन मेल्यासारखं दिसतं आणि हात जवळ नेला की जिवंत होतं. होल्ड वर गेला की प्रोसेसर बस, म्हणजे सगळ्या चिपांना जोडणाऱ्या रेघा, सोडून देतो. आणि ट्रॅप सगळ्यात वाईट, कारण तो सॉफ्टवेअरने बंद करता येत नाही. मोकळ्या पिनेने शेजारच्या वेल्डिंगची विजेची गडबड पकडली की प्रोसेसर हातातलं काम टाकून ००२४ हेक्सला जातो. तिथे तुमच्या मुख्य प्रोग्रामचा मधलाच कुठला तरी तुकडा असतो, आणि तो तिथून चालू लागतो.

मग बाकीच्या चिपा. १३८ च्या पिन ४ आणि ५ खाली, पिन ६ वर, किंवा जिथे जोडल्यात तिथे खरंच जोडल्यात का ते बघा. ६२६४ ला दोन सिलेक्ट, म्हणजे चिप निवडायच्या पिना, आहेत. पिन २० खाली जाते तेव्हाच पिन २६ वर पाहिजे, आणि ही २६ पुष्कळ जण विसरतात. ३७३ ची पिन १ ग्राउंडला.

रॉम आपोआप बदलत असेल तर २८सी६४ ची पिन २७ बघा. ही लिहिण्याची पिन. ईप्रॉमवरून (अल्ट्राव्हायोलेट उजेडाने पुसायचा रॉम) ईईप्रॉमवर (विजेने पुसायचा, २८सी६४ तसाच) येणाऱ्यांच्या डोक्यात रॉम म्हणजे फक्त वाचायचा असतो, म्हणून ती तशीच राहते. ती हवेत असेल आणि चालू-बंद करताना खाली गेली, तर त्या वेळी बसवर जे असेल ते रॉममध्ये लिहिलं जातं. पिन २७ ५ व्होल्टला बांधा, रॉम नव्याने भरा, आणि हे लक्षण विसरून जा.

कॉन्टॅक्ट

जून ते सप्टेंबर कोल्हापुरात हवेला जी ओल असते तिच्यात चिपचे पाय काळवंडतात आणि ब्रेडबोर्डच्या आतल्या क्लिपाही. पावसाळ्यात माळ्यावर ठेवलेला बोर्ड दिवाळीत चालू केला आणि चालला नाही, तर पहिलं काम म्हणजे पॉवर बंद करून प्रत्येक चिप उचकटून परत बसवायची. पाय खोडरबराने हलक्या हाताने पुसा, आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल तर उत्तम. चिप काढताना दोन्ही बाजूंनी छोट्या स्क्रूड्रायव्हरने थोडी थोडी उचला. चाळीस पायांची चिप एका टोकाने ओढली तर दुसऱ्या टोकाचे पाय वाकतात, आणि सरळ करताना एखादा तुटतोच.

बसवल्यावर वाकून बाजूने बघा. एखादा पाय भोकात न जाता चिपच्या पोटाखाली दुमडलेला असतो. वरून चिप एकदम व्यवस्थित दिसते, आणि दाब पडला की तो पाय टेकतो, सोडला की सुटतो. सोल्डरिंगच्या जाड पायांचे रेझिस्टर किंवा डायोड घुसवून सैल झालेली भोकं परत वापरू नका. क्लिप एकदा फाकली की फाकलीच.

रीसेट

खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी असं रीसेटने वागलं पाहिजे. ८०८५ ला व्होल्टेज पुरेसं झाल्यावर निदान १० मिलिसेकंद पिन ३६ खाली हवी. नेहमीची जोडणी म्हणजे ५ व्होल्टकडून ७५ के रेझिस्टर, ग्राउंडला १ मायक्रोफॅरड कपॅसिटर आणि त्याला समांतर बटण. लोक त्यातला डायोड गाळतात. हा डायोड रेझिस्टरला समांतर असतो, पट्टीचं टोक ५ व्होल्टकडे. लाइट क्षणभर जाऊन आली की कपॅसिटर रिकामा व्हायला वेळच मिळत नाही, मग पिन खाली जात नाही आणि प्रोसेसर अर्धवट अवस्थेतून सुरू होतो. डायोड त्या कपॅसिटरला झटकन रिकामा करतो. १एन४१४८ चालेल.

०००० ऐवजी ००३८: दोष पकडायचा सापळा

इथवर सगळं करूनही दोष राहिला तर आता थोडं डोकं लावू. ८०८५ मध्ये एफएफ या बाइटचा अर्थ आरएसटी ७, म्हणजे परतीचा पत्ता स्टॅकवर (रॅममधली असे पत्ते ठेवायची जागा) ठेवून ००३८ हेक्सला जा. रॉमचा कॉन्टॅक्ट सुटला, किंवा डिकोडरने कुणालाच निवडलं नाही, तर बस मोकळी राहते आणि प्रोसेसर बहुधा एफएफ वाचतो. बसच्या आठ रेघांना १० के ची वर ओढणारी रेझिस्टरं लावली की 'बहुधा' जाऊन 'नक्की' होतं. रॉमचा न भरलेला भागही एफएफच असतो. म्हणजे बस मोकळी राहो किंवा प्रोग्राम भरकटून रिकाम्या जागेत शिरो, गाडी ००३८ वरच येते.

तेव्हा तिथेच पहारा बसवा. ००३८ हेक्सपासून हे चार बाइट लिहा: ३ई, सी०, ३०, ७६. म्हणजे ए रजिस्टरमध्ये सी० भरा, सिम (ए मधला आकडा बघून एसओडी पिन वर-खाली करणारी आज्ञा), हॉल्ट (थांबा). सिममुळे पिन ४, एसओडी, वर जाते. तिथे ट्रान्झिस्टरमार्फत एक लाल एलईडी लावा. तुमचा प्रोग्राम सुरुवातीलाच ४० हेक्स आणि सिमने तो विझवेल असं करा. मशीन अडकलं आणि लाल दिवा लागला, तर प्रोसेसर जिवंत आहे, घड्याळ जिवंत आहे, आणि त्याने कुठेतरी एफएफ वाचला. रॉमचे पाय, ३७३ आणि १३८ एवढ्यावर लक्ष द्या. दिवा न लागता अडकलं, तर रेडी, होल्ड, क्रिस्टल किंवा पॉवर.

मॉनिटर प्रोग्राम (मेमरी वाचून दाखवणारा) असेल तर आणखी एक खूण मिळते. पहारा बसवलेला नसताना ००३८ वरसुद्धा एफएफच वाचला गेला तर प्रोसेसर तिथल्या तिथे फिरत राहतो आणि दर फेरीला ००३९ हा पत्ता स्टॅकवर ढकलतो. रीसेटने रॅम पुसली जात नाही. रीसेटनंतर रॅम वाचली आणि ३९ ०० ३९ ०० अशी रांग दिसली, तर काय झालं ते कागदावर लिहून दिल्यासारखं समजा.

प्रोग्रामवर संशय घ्यायचा तर फक्त दोन गोष्टींसाठी. पहिली, स्टॅक पॉइंटर (एसपी), म्हणजे स्टॅकचं टोक कुठे आहे तो पत्ता. रीसेटनंतर त्यात काय असेल याची खात्री नसते. म्हणून सुरुवातीलाच ३१ ०० ४०, म्हणजे एसपी मध्ये ४००० हेक्स. ढकलण्याआधी तो एकने कमी होतो, त्यामुळे पहिला बाइट ३एफएफएफ वर, रॅमच्या शेवटच्या घरात बसतो. दुसरी, रॅममध्ये आपोआप शून्य असेल असं धरून चालणं. पॉवर चालू करताना रॅममध्ये काहीही असतं. बटणाने चालतो आणि स्विचने नाही, असं रीसेटचा डायोड लावूनही होत असेल तर हेच.

चुकीची पण हुबेहूब चिप

दुकानात ३७३ नसला की ३७४ हातात पडतो. पिना त्याच, कामही वरवर तेच. पण ३७३ हा एएलई (पत्ता आलाय हे सांगणारी प्रोसेसरची रेघ) वर असेपर्यंत उघडा असतो आणि तो खाली येताना पत्ता धरतो. ३७४ एएलई वर जाताच, म्हणजे पत्ता अजून बसतोय तोवरच धरतो. त्यामुळे कधी बरोबर, कधी चूक. भिंग घेऊन चिपवरचा नंबर वाचा.

तसंच ७४एलएस ऐवजी ७४एचसी मालिकेची चिप. जुन्या ८०८५ चं वर जाणारं आउटपुट २.४ व्होल्टपर्यंतच येईल एवढीच हमी आहे, आणि एचसी चिपला ५ व्होल्टवर साधारण ३.५ व्होल्ट लागतात. प्रत्यक्षात बऱ्याचदा भागतं, म्हणूनच फसायला होतं. थंडीत चालतो, उन्हाळ्यात नाही. एलएस किंवा एचसीटी घ्या.

प्रोसेसर खरंच गेलाय का

शेवटची मोठी तपासणी. रॉम, रॅम, ३७३ आणि बसवर असलेली ८२५५ सारखी इनपुट-आउटपुटची चिप सगळी काढा, मघाची वर ओढणारी रेझिस्टरंही काढा. पिन १२ ते १९ प्रत्येकी ४.७ के मधून ग्राउंडला. आता प्रोसेसर सतत ०० वाचेल, म्हणजे नॉप, काही करू नको, पुढे जा. तो पूर्ण ६४ के पत्त्यांवरून धावत राहतो. ६.१४४ च्या क्रिस्टलवर प्रोसेसरचं घड्याळ ३.०७२ मेगाहर्ट्झ, नॉपला चार टप्पे, म्हणून पिन २८, म्हणजे सगळ्यात वरची पत्त्याची रेघ, सेकंदाला अकरा-बारा वेळा लुकलुकते. ट्रान्झिस्टर लावून एलईडीवर हे डोळ्यांना दिसतं. अर्धा तास हे एकसारखं चाललं तर प्रोसेसर, घड्याळ, रीसेट आणि पॉवर यांच्यावरचा आरोप मागे घ्या. काढलेल्या चिपा आणि त्यांच्या वायरी शिल्लक राहतात.

लुकलुक नसेल तर पिन ३७ वर घड्याळ येतंय का बघा, क्रिस्टलचे पाय आखूड करून पिन १ आणि २ ला चिकटून लावा. एकदा २ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावून पाहा. हळू केल्यावर मूळ दोष गेला तर लांब वायरी आणि वेळेचं गणित यात घोटाळा आहे. पण घड्याळ बटणाने एकेक टप्पा ढकलायचा प्रयत्न जुन्या ८०८५ वर करू नका, त्याला निदान ५०० किलोहर्ट्झ सतत लागतं. तशी सोय ज्यांना हवी त्यांनी सीमॉस झेड८० किंवा ६५सी०२ घ्यावा. झायलॉगने २०२४ मध्ये सुट्या झेड८० चं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं, त्यामुळे साठा मिळतोय तोवर.

सगळं करून लुकलुक नाहीच, तरच दुसरा ८०८५ लावा. तोही चालणाऱ्या किटमधून काढलेला, पाकिटातला 'नवा' नव्हे.

इथे थांबा

अ‍ॅडॉप्टरमधून आवाज, वास येतोय, किंवा बोर्डच्या ग्राउंडला हात लावल्यावर मुंग्या येतात: प्लग काढा. अ‍ॅडॉप्टर उघडू नका. आतल्या कपॅसिटरवर प्लग काढल्यावरही तीनशे व्होल्टच्या वर शिल्लक असू शकतात. दुसरा अ‍ॅडॉप्टर लावूनही मुंग्या येत असतील तर घरची अर्थिंग इलेक्ट्रिशियनला दाखवा. बोर्डचं नंतर बघू.

वेल्डिंग किंवा मोटर सुरू होताना घरातले दिवेही मंद होत असतील, तर तोही वायरमनचाच विषय. तिथे कपॅसिटर वाढवत बसू नका.

चिप बोट ठेवता येणार नाही इतकी तापतेय: लगेच बंद. दोन चिपा एकाच रेघेवर एकमेकींविरुद्ध आउटपुट देत असतील किंवा चिप उलटी बसली असेल. शोधण्यासाठी चालू ठेवू नका.

जुना २७६४ ईप्रॉम भरायचा असेल आणि त्याला २१ व्होल्ट लागतात की १२.५ हे चिपच्या डेटाशीटवरून ठरत नसेल, तर प्रोग्रामरचं बटण दाबू नका. जास्त व्होल्टेजने चिप जाते आणि ती परत येत नाही.

पीसीबीवर सोल्डर केलेली चाळीस पायांची चिप काढायची असेल आणि हाताला सवय नसेल, तर हॉट एअर असलेल्या रिपेअरिंगवाल्याला पैसे द्या. ट्रॅक उखडला तर त्याहून जास्त जातील.

आणि दिव्याचा सापळा, नॉपची तपासणी दोन्ही होऊनही दोष सापडत नसेल, तर पुढचं काम ऑसिलोस्कोपचं आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जा. जाताना हातात तीन गोष्टी असू द्या: सध्याच्या वायरिंगची खरी आकृती, प्रत्येक चिपच्या पायांवर मोजलेलं व्होल्टेज, आणि अडकताना लाल दिवा लागतो की नाही याचं उत्तर.